बूस्टचा स्क्रू आणि नागपूरचा मे महिना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००५ सालची ऑक्टाव्हिया, १.८ टर्बो पेट्रोल, मागच्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. तीन हजार आरपीएमच्या पुढे जी ओढ लागायला हवी, ती लागत नाही. म्हणून तुम्ही मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर मागवला, म्हणजे टर्बो इंजिनात हवा ज्या जादा दाबाने भरतो तो दाब (बूस्ट) स्क्रूने वाढवायचं यंत्र. आता विचारताय, नळी कोणती कापायची, १ बार बूस्टसाठी स्क्रू किती फेरे फिरवायचा आणि रविवारी घरच्या घरी हे काम होईल का.

नळीचं सविस्तर सांगतो. फेऱ्यांचा आकडा कोणी सांगितला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंट्रोलरची स्प्रिंग वेगळी, टर्बोला आवरणाऱ्या प्रत्येक अ‍ॅक्च्युएटरचा (तो काय, ते पुढे येतंच) ताण वेगळा, आणि वीस वर्षांच्या गाडीत तो ताणही पहिल्यासारखा राहिलेला नसतो. काम घरी होतं. फक्त येत्या रविवारी करायचं काम वेगळं आहे.

कारण तुम्ही दोन प्रश्न एकात बांधले आहेत. गाडी ओढत नाही, हा एक. बूस्ट कंपनीपेक्षा जास्त हवा, हा दुसरा. नागपुरात बावीस वर्षं टर्बोच्या गाड्या उघडतोय, आणि 'पिकअप नाही, बूस्ट वाढवून द्या' म्हणत आलेल्या जुन्या गाड्यांपैकी बहुतेकींचा बूस्ट कमी सेट केलेला नव्हताच. टर्बो हवा दाबत होता आणि ती हवा इंजिनात पोचायच्या आधी कुठेतरी निसटत होती. अशा गाडीवर कंट्रोलर लावला तर टर्बो गळती भरून काढायला आणखी जोरात फिरतो, आणखी तापतो, आणि मूळ दुखणं झाकलं जातं. म्हणून आधी बूस्ट गेज बसवा. इनटेक मॅनिफोल्डवर, थ्रॉटलच्या (पायाने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) नंतर, इंजिनाच्या बाजूला, जिथे आयडलला व्हॅक्यूम मिळतो तिथून जोड घ्या, आणि कंट्रोलर डब्यातच ठेवून गाडी चालवून बघा. कंपनीचा बूस्ट पुरा येतोय का, एवढंच बघायचं.

तो पुरा येत नसेल तर गळती शोधा. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून तिथे पीव्हीसीची टोपी बसवतो, टोपीला ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह, आणि कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून हळूहळू ०.५ बारपर्यंत हवा भरतो. त्याच्या वर नेत नाही, कारण जुने ऑइल सील फुगून बाहेर येतात. मग साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर. मागच्या वर्षी एका गाडीत ०.३ बारपर्यंत सगळं कोरडं होतं. ०.५ ला नेल्यावर बंपरच्या मागे, इंटरकूलरला (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या बाजूला एक चीर माशाच्या तोंडासारखी उघडली आणि फेसाचा बुडबुडा लिंबाएवढा झाला. हवा सोडली की चीर पुन्हा मिटायची. हाताने चाचपून ती कधीच सापडली नसती. पाइप बदलल्यावर तो मुलगा म्हणाला, 'भाऊ, हीच तर ओढ पाहिजे होती.' त्याचा कंट्रोलर आजही त्याच्या कपाटात आहे. गळती नसेल तर डायव्हर्टर वॉल्व्ह तपासा, म्हणजे पाय काढल्यावर दाबलेली हवा मागे वळवणारी झडप. रबरी पडदा असलेल्या जुन्या वॉल्व्हमध्ये पडदा फाटतो, आणि दाबलेली हवा परत टर्बोच्या तोंडाशी जात राहते.

एवढं करून कंपनीचा बूस्ट पुरा मिळाला आणि तरीही वाढवायचाच असेल, तर पुढचं वाचा.

हा कंट्रोलर स्वतः बूस्ट तयार करत नाही, तो फक्त निरोप अडवतो. टर्बोच्या कॉम्प्रेसरवर एक छोटा निपल असतो. तिथून निघालेली बारीक नळी वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये, म्हणजे त्या गोल डबीत जाते. डबीत पडदा आणि त्याच्या मागे स्प्रिंग. दाब स्प्रिंगला भारी पडला की दांडा सरकतो, वेस्टगेटची झडप उघडते, एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो आणि टर्बोचा वेग तिथेच थांबतो. कंट्रोलर त्या नळीच्या मधे बसतो आणि दाब ठरावीक झाल्याशिवाय डबीपर्यंत पोचू देत नाही. इंजिनाला 'आता बस' असं सांगणारी तेवढी एकच नळी आहे, आणि तुम्ही तिच्यावर हात ठेवताय. पुढे मी जे जे सांगतो आहे ते या एका गोष्टीवरून येतं.

कंट्रोलर दोन तऱ्हेचे मिळतात. एकात निरोपाची हवा थोडीथोडी बाहेर सोडतात. दुसऱ्यात एक छोटी गोळी स्प्रिंगने दाबून धरलेली असते आणि ठरलेला दाब आला की ती उचलली जाते. मी दुसरा वापरतो. त्यात वेस्टगेट शेवटपर्यंत घट्ट मिटून राहतं, त्यामुळे बूस्ट लवकर चढतो. मात्र याच कारणाने तो क्षणभर ठरलेल्या आकड्याच्या वर उडी मारू शकतो, हे गेज बघताना लक्षात ठेवा. विकत घेतलेल्या कंट्रोलरला अ‍ॅक्च्युएटरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक आहे का, तेही उजेडात धरून बघा. ते नसेल तर पाय काढल्यावर गोळी बसते, पुढच्या नळीत हवा कोंडून राहते, वेस्टगेट अर्धं उघडं राहतं आणि पुढच्या गिअरला बूस्ट उशिरा येतो. मग लोक टर्बो गेला म्हणून टर्बोच खोलतात.

आता बसवणं. इंजिन पूर्ण थंड असू द्या. तुमच्या गाडीत कॉम्प्रेसरच्या निपलपासून निघालेली नळी आधी तीन तोंडांच्या सोलेनॉइड वॉल्व्हमध्ये जाते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याच्यामार्फत बूस्ट सांभाळतो. मॅन्युअल कंट्रोलर लावताना कॉम्प्रेसरच्या निपलवरून नळी सरळ कंट्रोलरच्या आत येणाऱ्या तोंडाला, आणि बाहेर जाणाऱ्या तोंडावरून सरळ अ‍ॅक्च्युएटरला. मूळ नळी कापू नका, काढून जपून ठेवा, नव्या नळ्या वापरा. सोलेनॉइडचा विजेचा कनेक्टर तसाच लावलेला असू द्या, काढलात तर चेक इंजिनचा दिवा लागेल. पण सोलेनॉइडचं तिसरं तोंड टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपला जातं. ते दोन्ही बाजूंनी बुचाने बंद करायचं. तो पाइप हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे आहे, त्यामुळे तिथून आत शिरलेली हवा ईसीयूला कळत नाही आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं.

कंट्रोलरवर बाण असतो. निरोप टर्बोकडून अ‍ॅक्च्युएटरकडे जातो, बाणही त्याच दिशेने हवा. बाण नसेल तर तोंडाने फुंकून बघा: येणाऱ्या बाजूने जोर लावल्यावर हवा जाते, उलट बाजूने गोळी सीटवर आणखी घट्ट बसते आणि हवा काही केल्या पलीकडे जात नाही, त्या बारीक भोकातून निसटेल तेवढीच. उलटा बसला तर अ‍ॅक्च्युएटरला निरोप कधीच मिळत नाही, वेस्टगेट कधीच उघडत नाही, आणि बूस्टला वर मर्यादा उरत नाही. मी हे पाहिलंय. वाडीकडून एक गाडी टो करून आली होती, कंट्रोलर घरी बसवलेला, उलटा. मालकाने गेजवर काटा दीड बारच्या पुढे गेलेला पाहिला आणि पाय काढला, पण तोवर उशीर झाला होता. हेड उतरवलं, तिसऱ्या नंबरचा पिस्टन हातात घेतला: पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधला काठ नखाएवढा तुटून गेलेला, आणि माथ्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी. रिंगचा तुकडा सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत रेघ मारून गेला होता. तो पोट्टा माझ्या बाजूला उभा होता आणि बराच वेळ काही बोलला नाही. बाणाची दिशा दोनदा बघा, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याला बघायला सांगा.

नळी सिलिकॉनची, आतून साधारण ४ मिलिमीटर, जितकी आखूड जमेल तितकी. कंट्रोलर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब, फायरवॉलच्या बाजूला बसवा. डॅशबोर्डवर आणून ठेवायचा मोह होतो, पण तेवढ्या लांब नळीत निरोप उशिरा पोचतो आणि बूस्ट वर उडी मारतो. प्रत्येक टोकाला क्लिप लावा. साधा झिप टायही चालतो, पण मोकळी नळी चालत नाही, कारण एखादी नळी निसटली तर परिणाम उलट्या कंट्रोलरसारखाच होतो.

स्क्रूला हात लावायच्या आधी तीन गोष्टी डोळ्यासमोर हव्यात: बूस्ट गेज, वाइडबँड लॅम्डा मीटर (मिश्रण किती पातळ ते दाखवणारा; लॅम्डाचा आकडा वाढला की मिश्रण पातळ), आणि ठिणगीचं टायमिंग मागे ओढलं जातंय का हे दाखवणारा स्कॅनर. गेज तर आधीच बसलेलं असेल. उरलेल्या दोनपैकी एकालाच पैसे पुरत असतील तर लॅम्डा मीटर घ्या आणि कंट्रोलर पुढे ढकला.

चाचणीची पहिली फेरी स्क्रू पूर्ण मोकळा ठेवून मारा. बहुतेक कंट्रोलरमध्ये आत फिरवला की बूस्ट वाढतो, पण तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते बघून घ्या. मोकळ्या स्क्रूवर बूस्ट अ‍ॅक्च्युएटरच्या स्प्रिंगइतका, किंवा जरासा वर दिसायला हवा. तो कंपनीच्या नेहमीच्या बूस्टपेक्षा कमीही असू शकतो, घाबरू नका. सुरुवातीलाच जास्त दिसला तर थांबा, नळीत चूक आहे. नंतर दर वेळी पाव फेरा, त्याहून जास्त कधीच नाही. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर लॉकनट घट्ट करायचा, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने स्क्रू आपोआप फिरतो.

फेरी म्हणजे तिसरा गिअर, अडीच हजारांपासून पूर्ण पाय, पाच हजारांवर सोडायचा. चौथा-पाचवा नको, वेग विनाकारण वाढतो. डायनो (गाडी जागेवरच रोलरवर पळवून मोजायचं यंत्र) मिळाला तर उत्तमच. रस्त्यावर करायचं असेल तर मोकळा, सरळ तुकडा, पहाटेची वेळ, वेगमर्यादेच्या आत (पाच हजारांना ती ओलांडत असेल तर डायनोच), आणि आकडे वाचायला बाजूला दुसरा माणूस. गाडी चालवताना गेज वाचायचं नाही. समृद्धीवर जाऊन करतो म्हणालात, तिथे अजिबात नको. मोठ्या वेगाने चालणाऱ्या बाकीच्या गाड्यांच्या मधे तुम्ही एकाएकी पाय दाबणार आणि एकाएकी सोडणार, त्यांचा काय दोष?

वहीत प्रत्येक फेरीसाठी एक ओळ: किती फेरे आत, बूस्टची सगळ्यात वरची उडी, पाच हजारांवर टिकलेला बूस्ट, लॅम्डा, बाहेरचं तापमान, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान. उडी आणि टिकलेला आकडा यांत ०.१ बारपेक्षा जास्त फरक असेल तर नळी लांब आहे किंवा कुठे गळती आहे. पाच हजारांकडे बूस्ट खाली घसरत असेल, तर स्क्रू आणखी आत घालून तो टिकणार नाही. छोटा टर्बो दमलाय, आता तो दाबापेक्षा उष्णता जास्त देतोय. आणि उलट, आरपीएमबरोबर बूस्ट वर वरच सरकत असेल तर वेस्टगेटची वाट अपुरी पडतेय. ते कंट्रोलरच्या हातात नाही, तिथेच थांबायचं.

कुठे थांबायचं, हे गाडीवर अवलंबून आहे. मूळ इंजेक्टर, मूळ इंटरकूलर, रीमॅप (ईसीयूचा प्रोग्राम बदलणं) नाही, अशा गाडीवर मी कंपनीच्या बूस्टच्या वर ०.१५ ते ०.२ बारपेक्षा जात नाही. पूर्ण पायावर लॅम्डा ०.८० ते ०.८५ च्या मधे हवा. ०.८८ दिसला की पाय काढा आणि स्क्रू मागे घ्या. स्कॅनरवर एखादा सिलिंडर सतत तीन अंशांपेक्षा जास्त टायमिंग मागे घेत असेल, तरी मागे. शेवटी प्लग काढून भिंगातून बघा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड सांडल्यासारखे बारीक ठिपके दिसले तर इंजिन नॉक करतंय, म्हणजे मिश्रण ठिणगीच्या ताब्यात न राहता आपोआप ठोका देत पेटतंय, तुम्हाला ऐकू आलं नसेल तरीही. त्या ठिपक्यांत पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियमही असतं.

तुमचा १ बार मला पटत नाही. तुमच्या गाडीत ईसीयू स्वतः किती हवा मागायची ते ठरवतो, आणि मागितल्यापेक्षा जास्त दिसली की थ्रॉटल मिटवतो किंवा ओव्हरबूस्टचा कोड टाकून गाडी हळू करतो. सर्वसाधारण यादीत तो पी०२३४ असतो. तुम्ही स्क्रू आत घालणार, ईसीयू थ्रॉटल मिटवणार, आणि मधल्या मधे टर्बो तापणार. १ बार हवाच असेल तर योग्य वाट म्हणजे गळती काढून, प्लग नवे घालून, डायनोवर रीमॅप. मॅन्युअल कंट्रोलर खरा शोभतो तो ईसीयू बूस्टमध्ये लक्ष घालत नाही अशा जुन्या गाड्यांवर. आजच्या बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत वेस्टगेट विजेच्या मोटरवर चालतं, तिथे ही नळीच नाही. आणि व्हीजीटी (सरकत्या पात्यांच्या टर्बोच्या) डिझेलवर हा कंट्रोलर लावू नका, तिथलं यंत्र वेगळं आहे.

आता नागपूरचं. सेटिंगचे सल्ले तुम्ही थंड देशातल्या लोकांचे वाचले असणार, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. हिशोब बघा. ४५ अंशांची हवा ०.७ बारला दाबली, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती टर्बोमधून सुमारे १२० अंशांवर बाहेर पडते. १ बारला दाबली तर १४५ च्या आसपास. हीच हवा जानेवारीच्या पहाटे १० अंशांची असेल तर ०.७ बारला ७६ च्या जवळपास. मे महिन्यात इंटरकूलरवर येणारी हवाच ४५ ची, आणि सीताबर्डीच्या सिग्नलवर दहा मिनिटं उभे राहिलात तर तो आधीच भाजलेला असतो. सिग्नल सुटल्यावर पूर्ण पाय दिलात की नॉक सगळ्यात आधी तिथे होतो.

मग थंडीत सेट केलं तर बरं? नाही, थंडीचा धोका दुसरा आहे. त्याच दाबाला १० अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १२ टक्के दाट असते. गेजवर आकडा तोच, इंजिनात हवा जास्त, आणि तेवढं जास्त पेट्रोल इंजेक्टरने द्यायला हवं. ते कमी पडले की मिश्रण पातळ. म्हणून मी दोन वेळा बघतो: नॉकसाठी एप्रिल-मेच्या दुपारी, गाडी गर्दीतून फिरवून तापवल्यावर, लॅम्डासाठी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. दोन्हीत जो स्क्रू कमी आत असेल तो कायमचा. तुम्ही आता ज्या ऋतूत सेट कराल, त्याच्या उलट ऋतूत पुन्हा तपासल्याशिवाय मी ते काम पूर्ण झालं म्हणणार नाही.

पेट्रोलचंही. पंपावर आता बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल नॉकला चांगला विरोध करतं, पण त्याच हवेला पेट्रोल साधारण ७ ते ८ टक्के जास्त लागतं. म्हणजे इंजेक्टरवर आधीच भार वाढलाय, त्यात तुम्ही बूस्ट घालणार. म्हणून मीटरवर हवा-इंधनाचं प्रमाण न बघता लॅम्डा बघा, तो इंधन कोणतंही असलं तरी तोच अर्थ सांगतो. २००५ च्या गाडीतल्या इंधनाच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत, त्या वास घेऊन, वाकवून तपासा. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालणार असाल तर प्रत्येक टाकीला घाला. एक टाकी चांगली आणि पुढची साधी, त्यावर तोच स्क्रू ठेवला तर पिस्टनला ते कळतं.

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी तुमच्या विरोधात जाऊ शकतो. विमा कागद काढून वाचा आणि एजंटला लेखी विचारा.

तर येत्या रविवारी गेज बसवा आणि साबणाच्या पाण्याने गळती शोधा. कंट्रोलर डब्यात राहू द्या. कंपनीचा बूस्ट किती आला, आयडलला व्हॅक्यूम किती, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाच हजारांवर काटा कुठे होता, हे तीन आकडे लिहून पाठवा. प्लगचा फोटोही पाठवा, चारही एका ओळीत ठेवून, सिलिंडरचे नंबर लिहून. स्क्रूबद्दल त्यानंतर बोलू.